वॉचमेन (चित्रकथा मालिका)

वॉचमेन ही ब्रिटिश लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स आणि रंगकार जॉन हिगिन्स यांनी निर्माण केलेली इंग्रजी भाषेतील सुपरहिरो चित्रकथा मालिका आहे. अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने ती १२ अंकांत प्रसिद्ध केली. पहिल्या अंकावर सप्टेंबर १९८६ आणि अखेरच्या अंकावर ऑक्टोबर १९८७ असा महिना छापलेला आहे. १९८७ मध्येच सर्व अंक एकत्र करून त्यांचे पुस्तक काढण्यात आले आणि तेव्हापासून ते सातत्याने छापले जात आहे.

मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारी माणसे प्रत्यक्षात असती तर समाजाचे, राजकारणाचे आणि खुद्द त्या माणसांचे काय झाले असते, हा या मालिकेचा मूळ विषय आहे. शीतयुद्ध आणि अणुयुद्धाची भीती ही तिची पार्श्वभूमी होय. चित्रकथा हे केवळ मुलांच्या करमणुकीचे साधन आहे हा समज बदलण्यात जी मोजकी पुस्तके कारणीभूत ठरली, त्यांत वॉचमेनची गणना होते. १९८८ मध्ये या मालिकेला ह्यूगो पुरस्कार मिळाला. टाइम साप्ताहिकाने २००५ मध्ये तयार केलेल्या, १९२३ नंतरच्या १०० उत्कृष्ट इंग्रजी कादंबऱ्यांच्या यादीत समाविष्ट झालेली ही एकमेव चित्रकादंबरी आहे. मालिकेच्या मालकी हक्कांवरून लेखक व प्रकाशक यांच्यात निर्माण झालेला दुरावाही तिच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

शीर्षक

मराठीत ‘वॉचमन’ हा शब्द इमारतीच्या किंवा कारखान्याच्या पहारेकऱ्यासाठी रूढ आहे. मालिकेच्या शीर्षकात या शब्दाचा अनेकवचनी उपयोग ‘रक्षक’ किंवा ‘राखणदार’ या व्यापक अर्थाने केलेला आहे. रोमन उपरोधकार जुव्हेनल याच्या सहाव्या उपरोधिकेत, राखण करणाऱ्यांची राखण कोणी करावी, अशा आशयाचा प्रश्न येतो. मूळ काव्यात त्याचा संदर्भ बायकांवर पहारा ठेवणाऱ्या नोकरांशी आहे. पुढील काळात मात्र तो अनिर्बंध सत्तेविषयीचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध झाला. मालिकेत न्यूयॉर्कच्या भिंतींवर हाच प्रश्न रंगवलेला दिसतो, परंतु तो कोणत्याही चौकटीत पूर्ण वाचता येत नाही. कधी एखादे पात्र, कधी भिंतीचा कोपरा तर कधी चौकटीची कड त्यातील काही शब्द झाकून टाकते. वॉचमेन हे मालिकेतील कोणत्याही संघटनेचे नाव नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील सुपरहिरो चित्रकथांचा प्रारंभ १९३८ मध्ये सुपरमॅनच्या आगमनाने झाला असे मानतात. त्यानंतरची जवळपास पाच दशके या प्रकारातील बहुतेक कथा नायकाचा विजय आणि दुष्टांचे निर्दालन या ठरलेल्या चाकोरीतून जात राहिल्या. १९८० च्या दशकात चित्रकथांची खास दुकाने वाढली, वाचकांचे सरासरी वय वाढले आणि प्रौढ वाचकांसाठी वेगळ्या धाटणीचे लेखन करण्यास प्रकाशक तयार होऊ लागले.

नॉर्दॅम्प्टन येथील ॲलन मूर हे त्या वेळी ब्रिटनमधील नियतकालिकांत लिहून नावारूपाला आले होते. वॉरियर या मासिकातील त्यांची व्ही फॉर व्हेंडेटा ही मालिका विशेष गाजली. त्यानंतर डीसी कॉमिक्सने त्यांच्याकडे स्वॅम्प थिंग ही खप उतरलेली मालिका सोपवली. मूर यांच्या लेखनाने ती पुन्हा उभी राहिली आणि अमेरिकेत त्यांच्या नावाला वजन प्राप्त झाले. डेव्ह गिबन्स हे ब्रिटनमधील २००० एडी या साप्ताहिकाचे नामवंत चित्रकार होते. मूर आणि गिबन्स यांनी १९८५ मध्ये सुपरमॅनच्या वार्षिक अंकासाठी एक कथा एकत्र केली होती आणि तिचे चांगले स्वागत झाले होते.

निर्मिती

एखाद्या बंद पडलेल्या प्रकाशनाचे जुने नायक घेऊन त्यांच्यापैकी एकाच्या खुनापासून कथा सुरू करावी, ही कल्पना मूर यांच्या मनात काही काळ घोळत होती. १९८३ मध्ये डीसी कॉमिक्सने चार्ल्टन कॉमिक्स या छोट्या प्रकाशनसंस्थेची काही पात्रे विकत घेतली. मूर यांनी त्याच पात्रांना घेऊन कथेचा आराखडा सादर केला. डीसीचे व्यवस्थापकीय संपादक डिक जोर्डानो यांनी पूर्वी चार्ल्टनमध्ये काम केले होते. त्यांना आराखडा आवडला. परंतु कथेच्या शेवटी यांतील काही पात्रे मृत होणार आणि उरलेली पुढे वापरण्याजोगी राहणार नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. नुकतीच पैसे मोजून घेतलेली पात्रे अशी संपवणे संस्थेला परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी मूर यांना नवी पात्रे निर्माण करण्यास सुचवले.

वाचकांना ओळखीची पात्रे नसतील तर कथेचा परिणाम उणावेल, अशी शंका मूर यांना प्रथम वाटली. पुढे मात्र जुन्या पात्रांचा केवळ मूळ साचा ठेवून स्वतंत्र पात्रे घडवता येतील, असे त्यांचे मत झाले. या बदलामुळे पात्रांचे पूर्वायुष्य, त्यांचे दोष आणि त्यांचा शेवट ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य लेखकाला मिळाले. या प्रकल्पाची वार्ता कळताच गिबन्स यांनी स्वतःहून चित्रकार होण्याची इच्छा व्यक्त केली. जॉन हिगिन्स यांची रंगकार म्हणून निवड झाली. संपादनाची जबाबदारी आरंभी लेन वाइन यांच्याकडे होती. नंतर बार्बरा केसेल यांनी ती सांभाळली.

मूर यांची संहिता अतिशय तपशीलवार असे. पहिल्या अंकाची संहिताच टंकलिखित १०० पानांपेक्षा अधिक होती. प्रत्येक चौकटीत काय दिसावे, मागे कोणते फलक असावेत, प्रकाश कोठून यावा, याचे वर्णन त्यात असे. त्याच वेळी योग्य वाटल्यास बदल करण्याची मोकळीकही गिबन्स यांना होती. हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा बिल्ला ही गिबन्स यांचीच भर होय. मालिका १२ अंकांची ठरली, परंतु मूळ कथानक साधारण सहा अंकांना पुरेल इतकेच होते. यावर उपाय म्हणून मूर यांनी मुख्य कथा पुढे नेणारा एक अंक आणि एखाद्या पात्राचे पूर्वायुष्य उलगडणारा एक अंक, अशी आलटूनपालटून योजना केली. आज मालिकेचे बलस्थान समजली जाणारी ही रचना अशा रीतीने एका अडचणीतून जन्माला आली.

प्रकाशन

पहिला अंक १९८६ च्या उन्हाळ्याच्या सुमारास विक्रीस आला. मालिका मुख्यतः चित्रकथांच्या खास दुकानांतून विकली जाई. अंकात जाहिराती नसत आणि किंमत १.५० डॉलर होती; डीसीचे नेहमीचे अंक त्या काळी ७५ सेंटला मिळत.

अंकाच्या अखेरीची काही पाने आरंभी वाचकांच्या पत्रांसाठी राखून ठेवण्यात आली होती. पहिल्या काही अंकांपर्यंत पत्रे येणे शक्य नसल्याने मूर यांनी त्या जागी होलिस मेसन या पात्राच्या आत्मचरित्रातील उतारे लिहिले. हा प्रयोग इतका जमला की पत्रांचा विचार सोडून देण्यात आला. पहिल्या ११ अंकांच्या शेवटी आत्मचरित्राचे उतारे, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल, वृत्तपत्रातील कात्रणे, मुलाखत, पत्रव्यवहार अशा स्वरूपाची काल्पनिक कागदपत्रे आढळतात. चित्रांत न मावणारी माहिती त्यांतून वाचकापर्यंत पोहोचते.

सुरुवातीचे अंक वेळेवर निघाले. पुढे मात्र विलंब होऊ लागला. मूर यांची संहिता एकगठ्ठा न येता काही पानांच्या तुकड्यांनी येऊ लागली. कधीकधी तर मूर टॅक्सीचालकाकरवी पाने गिबन्स यांच्या घरी पाठवीत. वेळ वाचवण्यासाठी चौकटींच्या रेषा आखण्याच्या कामात गिबन्स यांनी पत्नीची आणि मुलाची मदत घेतली. अंक लांबत गेले तरी वाचकांचे औत्सुक्य ओसरले नाही. या मालिकेच्या विक्रीमुळे खास दुकानांच्या बाजारपेठेत डीसीने प्रतिस्पर्धी मार्व्हल कॉमिक्सला काही काळ मागे टाकले.

२००५ मध्ये ॲब्सोल्यूट वॉचमेन ही मोठ्या आकाराची आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी हिगिन्स यांनी रंगकामाची नव्याने दुरुस्ती केली. २०१७ मध्ये लेस्ली क्लिंगर यांच्या टिपांसह सटीप आवृत्ती निघाली.

कथानक

कथा १९८५ मधील पर्यायी अमेरिकेत घडते. या जगात १९३० च्या दशकाच्या अखेरीस काही सामान्य माणसे वेष आणि मुखवटे धारण करून गुन्हेगारांशी लढू लागली. १९५९ मध्ये एका प्रयोगशाळेतील अपघाताने जॉन ऑस्टरमन या शास्त्रज्ञाला अमर्याद शक्ती प्राप्त झाली आणि तो डॉक्टर मॅनहॅटन झाला. त्याच्या बळावर अमेरिकेने व्हिएतनाम युद्ध जिंकले. रिचर्ड निक्सन घटनादुरुस्ती करून पुन:पुन्हा अध्यक्षपदी निवडून येत आहेत. १९७७ मध्ये पोलिसांच्या संपानंतर झालेल्या कीन कायद्याने मुखवटाधारी नायकांवर बंदी आली. केवळ सरकारी सेवेतील नायक तिच्यातून सुटले.

एडवर्ड ब्लेक या माणसाचा न्यूयॉर्कमध्ये खून होतो. तो सरकारसाठी काम करणारा ‘कॉमेडियन’ असल्याचे रोरशाख हा बंदी झुगारून फिरणारा नायक शोधून काढतो. कोणीतरी जुन्या नायकांना एकेक करून संपवत आहे, अशी त्याची समजूत होते आणि तो आपल्या पूर्वीच्या सहकाऱ्यांना सावध करतो. लवकरच डॉक्टर मॅनहॅटनवर त्याच्या सहवासातील लोकांना कर्करोग झाल्याचा आरोप दूरचित्रवाणीवर जाहीरपणे होतो. तो पृथ्वी सोडून मंगळावर निघून जातो. अमेरिकेचा हा आधार नाहीसा होताच सोव्हिएत संघ अफगाणिस्तानात सैन्य घुसवतो आणि जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपते. दरम्यान रोरशाखला खुनाच्या खोट्या प्रकरणात अडकवून अटक करण्यात येते.

डॅन ड्रायबर्ग (नाइट आउल) आणि लॉरी जुस्पेझिक (सिल्क स्पेक्टर) त्याला तुरुंगातून सोडवतात. तपासाचा माग निवृत्त नायक व धनाढ्य उद्योगपती एड्रियन व्हाइट (ओझिमँडियस) याच्यापर्यंत पोहोचतो. अंटार्क्टिकातील त्याच्या निवासस्थानी सत्य उघड होते. परग्रहावरून हल्ला झाल्याचा देखावा निर्माण करून दोन्ही महासत्तांना एकत्र आणायचे आणि अणुयुद्ध टाळायचे, अशी त्याची योजना असते. त्यासाठी कृत्रिमरीत्या तयार केलेला एक महाकाय जीव न्यूयॉर्कमध्ये प्रकट केला जातो आणि लाखो माणसे मृत्युमुखी पडतात. नायक ही योजना हाणून पाडण्यास येतात, तेव्हा ती आधीच पार पडलेली असते.

महासत्ता खरोखरच वैर थांबवतात. सत्य सांगितल्यास ही शांतता नष्ट होईल, म्हणून इतर नायक मौन पत्करतात. तडजोड नाकारणाऱ्या रोरशाखला डॉक्टर मॅनहॅटन ठार करतो. तथापि रोरशाखने आपली दैनंदिनी आधीच एका उजव्या विचारसरणीच्या वृत्तपत्राकडे पाठवलेली असते. ती छापली जाणार की नाही, हा निर्णय वाचकावर सोपवून कथा संपते.

प्रमुख पात्रे

रोरशाख (वॉल्टर कोव्हॅक्स): सतत आकार बदलणाऱ्या शाईच्या डागांचा मुखवटा घालणारा, चांगले आणि वाईट यांत कोणतीही मधली छटा न मानणारा नायक. स्टीव्ह डिटको यांनी निर्माण केलेल्या ‘द क्वेश्चन’ या चार्ल्टनच्या पात्रावरून तो बेतलेला आहे.

डॉक्टर मॅनहॅटन (जॉन ऑस्टरमन): मालिकेतील खरी अतिमानवी शक्ती असलेले एकमेव नायक पात्र. भूत, वर्तमान आणि भविष्य हे सर्व त्याला एकाच वेळी दिसते आणि त्यामुळे मानवी व्यवहारांविषयी तो उदासीन होत जातो. त्याचा मूळ साचा ‘कॅप्टन ॲटम’ हा होय.

नाइट आउल (डॅन ड्रायबर्ग): यंत्रसामग्रीची आवड असलेला, मध्यमवयीन, आत्मविश्वास हरवलेला नायक. तो ‘ब्लू बीटल’वर आधारलेला आहे. मूळ नाइट आउल म्हणजे त्याच्या आधीच्या पिढीतील होलिस मेसन.

ओझिमँडियस (एड्रियन व्हाइट): जगातील सर्वांत बुद्धिमान मानला जाणारा माणूस. अलेक्झांडर हा त्याचा आदर्श आहे. तो ‘पीटर कॅनन, थंडरबोल्ट’ या पात्रावरून घेतला आहे.

कॉमेडियन (एडवर्ड ब्लेक): हिंसक, निर्दय आणि जगाकडे क्रूर विनोद म्हणून पाहणारा सरकारी हस्तक. ‘पीसमेकर’ हा त्याचा आधार होय. त्याच्या खुनापासून कथेला आरंभ होतो.

सिल्क स्पेक्टर (लॉरी जुस्पेझिक): आई सॅली हिच्या इच्छेखातर या व्यवसायात आलेली नायिका. आपल्या जन्माविषयी तिला कळणारे सत्य हा कथेतील एक महत्त्वाचा टप्पा आहे.

रचना आणि चित्रशैली

मालिकेतील बहुतेक पाने तीन आडव्या ओळींत प्रत्येकी तीन, अशा नऊ समान चौकटींच्या आराखड्यावर बसवलेली आहेत. गरजेनुसार दोन-तीन चौकटी जोडून मोठी चौकट केली जाते. या नियमिततेमुळे कथेला घड्याळाच्या टिकटिकीसारखी लय प्राप्त होते. शेवटच्या अंकाच्या आरंभी संहाराचे दृश्य पूर्ण पानांवर दाखवले आहे. तोवर पानापानावर नऊ चौकटी पाहण्याची सवय झालेल्या वाचकाला या बदलाचा धक्का बसतो.

सुपरहिरो चित्रकथांत रूढ असलेल्या वेगदर्शक रेषा, आवाजाचे ठळक शब्द आणि पात्रांच्या मनातील विचार दाखवणारे फुगे येथे टाळले आहेत. हिगिन्स यांनी लाल-निळ्या-पिवळ्या या नेहमीच्या मूळ रंगांऐवजी जांभळा, हिरवा, नारिंगी अशा दुय्यम रंगांवर भर दिला. प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ हीच त्या अंकाच्या कथेची पहिली चौकट असते. पाचव्या अंकाची रचना सममितीच्या तत्त्वावर केलेली आहे. पहिले पान शेवटच्या पानाचे, दुसरे उपान्त्य पानाचे प्रतिबिंब, याप्रमाणे सर्व पाने मध्यभागी येऊन मिळतात. चौथ्या अंकात डॉक्टर मॅनहॅटनच्या काळाच्या जाणिवेनुसार घटनांचा क्रम सतत मागेपुढे होत राहतो.

रक्ताचा थेंब पडलेला हसरा बिल्ला हे मालिकेचे बोधचिन्ह बनले. हा थेंब घड्याळाच्या काट्यासारखा दिसतो. अणुशास्त्रज्ञांच्या बुलेटिनने १९४७ पासून प्रचारात आणलेल्या, मध्यरात्रीच्या जवळ सरकणाऱ्या प्रलयघड्याळाचा हा संदर्भ आहे. मालिका निघत होती त्या काळात ते प्रत्यक्ष घड्याळ मध्यरात्रीला तीन मिनिटे कमी अशी वेळ दाखवत होते. मालिकेच्या प्रत्येक अंकासोबत छापलेले घड्याळही एकेक मिनिट पुढे सरकते.

कथेत आणखी एक कथा गुंफलेली आहे. वृत्तपत्रविक्रेत्याच्या ठेल्याशेजारी बसून एक मुलगा समुद्री चाच्यांची चित्रकथा वाचत असतो. ज्या जगात मुखवटाधारी नायक प्रत्यक्ष आहेत, तेथे लोकांना त्यांच्या गोष्टी वाचण्यात रस उरणार नाही आणि चाच्यांच्या कथाच लोकप्रिय होतील, असे यामागचे तर्कशास्त्र होते. आपले गाव वाचवण्याच्या ध्यासाने स्वतःच दुष्कृत्य करून बसणाऱ्या खलाशाची ही उपकथा एड्रियन व्हाइटच्या मुख्य कथेला समांतर जाते. ठेल्यावरील विक्रेता, तो मुलगा, टॅक्सीचालक, मानसोपचारतज्ज्ञ अशी साधी माणसे वाचकाच्या परिचयाची होत जातात आणि अखेरच्या संहारात तीच बळी पडतात. त्यामुळे मृतांची संख्या ही निव्वळ संख्या राहत नाही.

स्वागत

अंक निघत असतानाच वाचक व समीक्षक यांनी मालिकेची दखल घेतली. १९८८ मध्ये विज्ञानसाहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत ‘इतर साहित्यप्रकार’ या विभागाचा पुरस्कार तिला मिळाला. चित्रकथांसाठीच्या कर्बी आणि आइस्नर पुरस्कारांतही तिला अनेक विभागांत गौरवण्यात आले. १९८९ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम महोत्सवात परदेशी चित्रकथेसाठी असलेला पुरस्कार तिला लाभला.

१९८६ हे वर्ष चित्रकथांच्या इतिहासात वळणाचे मानले जाते. त्याच वर्षी फ्रँक मिलर यांची द डार्क नाइट रिटर्न्स ही बॅटमॅनवरील मालिका आणि आर्ट स्पीगलमन यांच्या माउसचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. या तिन्ही कृतींचा उल्लेख बहुधा एकत्रच होतो. त्यांच्यामुळे सर्वसाधारण वृत्तपत्रांत चित्रकथांची परीक्षणे येऊ लागली, पुस्तकांच्या दुकानांत ‘ग्राफिक नॉव्हेल’ अर्थात चित्रकादंबरी असा स्वतंत्र विभाग दिसू लागला आणि ग्रंथालयांनीही अशी पुस्तके घेण्यास आरंभ केला. पुढील काळात वॉचमेनचा समावेश अनेक विद्यापीठांच्या साहित्य-अभ्यासात झाला.

टीका

मालिकेवर टीकाही झाली. तिची रचना इतकी आखीवरेखीव आहे की वाचकाला भावनिक जवळीक वाटत नाही, असा एक आक्षेप आहे. स्कॉटिश लेखक ग्रँट मॉरिसन यांनी तिच्या काटेकोरपणावर वेळोवेळी टीका केली. २०१४ मधील पॅक्स अमेरिकाना या अंकात त्यांनी चार्ल्टनचीच पात्रे घेऊन वॉचमेनला एक प्रकारे प्रत्युत्तर दिले. सॅली ज्युपिटरवरील लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न आणि नंतर त्याच पुरुषाशी आलेला तिचा संबंध यांच्या चित्रणावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लॉरीचे पात्र पुरुष पात्रांच्या तुलनेत दुबळे राहिले, असेही काहींचे मत आहे. कथेचा शेवट आउटर लिमिट्स या दूरचित्रवाणी मालिकेतील १९६३ च्या एका भागाशी मिळताजुळता असल्याचे लेन वाइन यांनी त्याच वेळी निदर्शनास आणले होते. मूर यांनी शेवट बदलला नाही. मात्र अखेरच्या अंकात त्या भागाचा उल्लेख करून ऋण मान्य केले.

रोरशाखविषयीचा वाचकांचा प्रतिसाद हा वेगळ्या चर्चेचा विषय ठरला. एकाकी, पूर्वग्रहांनी भरलेला आणि हिंसेने पछाडलेला हा माणूस वाचकांना इशारा वाटावा, अशी मूर यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक वाचकांना तोच आदर्श वाटला. याविषयी मूर यांनी मुलाखतींतून अस्वस्थता व्यक्त केली आहे. वॉचमेनच्या यशानंतर इतर चित्रकथांनी तिचा विचार बाजूला ठेवून केवळ तिची हिंसा आणि अंधारी वृत्ती उचलली, याचीही त्यांना खंत वाटत आली आहे.

हक्कांचा वाद

मालिका प्रसिद्ध झाली त्या काळी अमेरिकन चित्रकथांतील पात्रांची मालकी साधारणपणे प्रकाशकाकडेच राहत असे. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये अवघ्या १३० डॉलरांना आपले हक्क विकले होते आणि पुढे त्यांना दीर्घकाळ लढा द्यावा लागला होता. या पार्श्वभूमीवर मूर व गिबन्स यांचा करार पुढारलेला वाटत होता. पुस्तकाची छपाई थांबून ठराविक मुदत उलटली की हक्क निर्मात्यांकडे परत जातील, असे त्यात कलम होते. त्या काळात चित्रकथांची पुस्तके वर्षानुवर्षे छापली जात नसत. त्यामुळे लवकरच हक्क आपल्याकडे येतील, असा निर्मात्यांचा समज होता.

वॉचमेनची मागणी मात्र कधी थांबलीच नाही. छपाई अखंड चालू राहिली आणि हक्क परत जाण्याची अट कधी पूर्ण झाली नाही. पुस्तकाचे यशच अशा प्रकारे निर्मात्यांच्या हक्कांच्या आड आले. मालिकेवर आधारित बिल्ल्यांच्या संचावरूनही मतभेद झाले. हे बिल्ले जाहिरातीचे साहित्य असल्याचे सांगून डीसीने त्यांवर मानधन देण्याचे टाळले, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. चित्रकथांना वयोगटानुसार दर्जा देण्याच्या डीसीच्या प्रस्तावालाही मूर यांचा विरोध होता. व्ही फॉर व्हेंडेटाचे अपुरे राहिलेले काम संपवून त्यांनी १९८९ मध्ये डीसीसाठी लिहिणे थांबवले.

मूर यांनी पुढे या मालिकेच्या रूपांतरांतून येणारे पैसे नाकारले आणि आपले नाव त्यांवर छापू नये, अशी भूमिका घेतली. पुढील भाग काढण्यास संमती दिल्यास हक्क परत करण्याची तयारी डीसीने दाखवली होती, परंतु आपण ती नाकारली, असे त्यांनी २०१० मध्ये सांगितले. गिबन्स यांनी मात्र प्रकाशकाशी संबंध कायम ठेवले. चित्रकथांतील निर्मात्यांच्या हक्कांविषयीच्या चर्चेत वॉचमेनच्या कराराचा दाखला आजही दिला जातो.

रूपांतरे आणि पुढील मालिका

मालिकेवर चित्रपट काढण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकातच सुरू झाले होते. दिग्दर्शक टेरी गिलियम यांनी काही काळ त्यावर काम केले, परंतु एवढी मोठी कथा एका चित्रपटात मावणार नाही, असे त्यांचे मत झाले. अखेर झॅक स्नायडर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट ६ मार्च २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्यातील हक्कांचा खटला प्रदर्शनाआधी जानेवारीत तडजोडीने मिटला. चित्रपटाने जगभरात सुमारे १८.५ कोटी डॉलरांचा व्यवसाय केला. चित्रपटाच्या शेवटी महाकाय जीवाऐवजी संहाराचा दोष डॉक्टर मॅनहॅटनवर येतो, असा बदल करण्यात आला. श्रेयनामावलीत सहनिर्माता म्हणून केवळ गिबन्स यांचे नाव आहे. २००८ मध्ये चित्रपटाची झलक प्रसिद्ध होताच मूळ पुस्तकाची मागणी एकाएकी वाढली आणि डीसीला मोठ्या प्रमाणावर पुनर्मुद्रण करावे लागले.

२०१२ मध्ये डीसीने बिफोर वॉचमेन या नावाने पूर्वकथा सांगणाऱ्या अनेक लघुमालिका काढल्या. मूर यांनी त्यांना तीव्र विरोध केला. २०१७ ते २०१९ या काळात जेफ जॉन्स व गॅरी फ्रँक यांची डूम्सडे क्लॉक ही १२ अंकांची मालिका निघाली. तिच्यात वॉचमेनमधील पात्रे आणि सुपरमॅन, बॅटमॅन आदी पात्रे एकत्र आणण्यात आली.

एचबीओ वाहिनीवर २०१९ मध्ये डेमन लिंडेलॉफ यांची नऊ भागांची दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. मूळ कथेनंतर ३४ वर्षांनी घडणारी ही कथा १९२१ मध्ये अमेरिकेतील टल्सा शहरात कृष्णवर्णीयांवर झालेल्या हल्ल्यांपासून सुरू होते. मुखवट्यामागील हिंसेचा प्रश्न तिने वर्णद्वेषाशी जोडला. रेजिना किंग यांची प्रमुख भूमिका असलेल्या या मालिकेला २०२० मध्ये ११ एमी पुरस्कार मिळाले. २०२४ मध्ये मूळ चित्रकथेवर आधारित सचेतपट दोन भागांत प्रसिद्ध झाला.

प्रभाव

वॉचमेननंतरच्या सुपरहिरो साहित्यात नायकांच्या सामर्थ्यावर कोणाचा अंकुश असावा, त्यांच्या कृत्यांची किंमत कोणी मोजावी आणि चांगल्या हेतूने केलेला संहार समर्थनीय ठरतो का, हे प्रश्न वारंवार मांडले गेले. नऊ चौकटींची मांडणी, चौकटीतील पार्श्वभूमीतून कथा सांगण्याची पद्धत आणि अंकाच्या शेवटी जोडलेली काल्पनिक कागदपत्रे यांचे अनुकरण अनेक लेखक-चित्रकारांनी केले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर मालिकेतील तात्कालिक राजकीय संदर्भ मागे पडले. तरीही शांततेसाठी असत्य स्वीकारावे का, हा तिने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न वाचकांच्या व अभ्यासकांच्या चर्चेत कायम आहे.